एक वीसचा हॉर्न

४ एप्रिल २०२५, शुक्रवार. दुपारी १.२०
फाटकाच्या बिजागरीला तेल घालत होतो. हॉर्न वाजला. दोन लांब, एक आखूड. बाहेर पाहिले. रस्त्यावर एक बकरी, बाकी ऊन. आत आईने तवा ठेवला.

बाबा नागपूर-हैदराबाद ट्रक चालवायचे. घरी आले की फाटक उघडण्यासाठी हाच हॉर्न द्यायचे. वर्षातले तीसेक दिवस घरी असत. मागच्या फेब्रुवारीत हैदराबादजवळ स्टिअरिंगवरच गेले. ॲम्ब्युलन्सने आणले, तिने फाटकात हॉर्न दिला नाही. तेव्हापासून मात्र रोज येतात. तो ट्रक मालकाने भंगारात दिला. पावती मी स्वतः वाचली आहे.

मी घाबरत नाही. फक्त नोंद ठेवतो.

निर्णय: घर विकायचे, व्हॅन घ्यायची, कायम फिरत राहायचे. हॉर्नचा या निर्णयाशी संबंध नाही.

५ एप्रिल, शनिवार
पांढरकवड्यातून जाणारा हायवे सरळ कन्याकुमारीला निघतो. बंटी जुन्या गाड्या विकतो, त्याने मोबाईलवर व्हॅनमध्ये राहणाऱ्या लोकांचे व्हिडिओ दाखवले. सगळे हसरे. माझा प्रवासाचा अनुभव: नागपूर, दोनदा, दोन्ही वेळा दाढेसाठी.

आईला सांगितले. तिने विचारले, अन् मी कुठी राहू? म्हटले, व्हॅनला दोन सीट आहेत. म्हणाली, तुया बापानं तीस वर्सं गाडी चालवली, मले हिंगणघाटाच्या पुढं नाही नेलं. तू काय नेतं!

आईला प्लॅनिंग समजत नाही.

९ एप्रिल, बुधवार
घर ठरले. सिमेंटवाले नागोराव घेणार. वारसनोंद मागेच केली होती, कागद पाहून ते खूश. इसार एक लाख, रोख. म्हणाले, काय चालू हाय, काय बिघडलं हाय, सारं लिहून दे बाप्पा, मंग कटकट नको. यादी करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे त्यांना सांगितले.

१० एप्रिल, गुरुवार
व्हॅन घेतली. पांढरी. मागची सीट काढून गादी बसवली. पाय पसरले की दार लागत नाही. आडव्या माणसासाठी ती बनवलेलीच नाही, असे बंटीचे म्हणणे. पटले.

१६ एप्रिल, बुधवार
यादी पूर्ण. तीन वेळा तपासली. स्वच्छ अक्षरात नागोरावांच्या दुकानी दिली.
२१. न्हाणीचा नळ, थेंब गळतो.
२२. मागचे दार, पावसाळ्यात फुगते.
२३. फाटकाबाहेर हॉर्न, दुपारी १.२०. रोज एकदाच. रविवारीही. वीज लागत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार. सकाळी ७.१०
नागोराव यादी घेऊन आले. त्यांची बायको ओट्यावर चढली नाही, रस्त्यावरच उभी. नागोराव म्हणाले, काहून रे पोरा, असं लिहून देतेत का कोनी? तोंडी सांगतलं असतं तं मी हासलो असतो. लिहून देल्लं म्हंजे खरंच असंन.

मी समजावले की आवाज फार मोठा नाही. ते ऐकून त्यांची बायको दोन पावले आणखी मागे गेली.

इसार एका महिन्यात परत करतो असे त्यांनी माझ्याकडून लिहून घेतले. सही केली. प्रामाणिक माणसाला सही करायला वेळ लागत नाही.

प्रवास रद्द नाही. घराला कुलूप लावून निघायचे, गिऱ्हाईक रस्त्यात शोधायचे. इथे आता एक दुपारही नको.

(हे उष्म्यामुळे लिहिले.)

२० एप्रिल, रविवार. दुपारी १२.३०
निघालो. कुलूप चार वेळा ओढून पाहिले. आईने नवे लुगडे नेसले आहे. एवढा खर्च कशाला, म्हणालो. ती व्हॅनमध्ये जाऊन बसली.

दुपारी १.१५
पाटणबोरीच्या पुढे ढाबा. चोवीस किलोमीटर झाले. दाल मागवली.

१.२०. काही नाही.
१.२२. काही नाही. घड्याळ बरोबर आहे, ढाबेवाल्याला विचारले.
१.३०. दाल निवली.

आईने विचारले, कोनाची वाट पाहून राह्यला? म्हटले, हॉर्न नाही आला. ती म्हणाली, कायचा हॉर्न?

तिला कधीच ऐकू आला नव्हता. म्हणाली, तू रोज जेवनाच्या टायमाले फाटकात जाऊन उभा राह्यतं, मले वाटे पोराले भूक लागली. म्हून तवा ठेवा लागे.

ही नोंद कोणत्या रकान्यात करावी, कळत नाही.

दुपारी २.०५
ढाब्यावर बायकांचा टेम्पो ट्रॅव्हलर थांबला. आमच्या गल्लीतली सुखीबाई खिडकीतून ओरडली, इंदे, येतं का? रामेश्वर, कन्याकुमारी! एकीचा गुडघा रुसला, सीट खाली हाय. आईने माझ्याकडे नऊ हजार मागितले. मी द्यायच्या आत पिशवी उचलली होती. चढताना म्हणाली, जेवून घेजो.

आत लगेच हशा सुरू झाला. आईचा हसण्याचा आवाज ओळखायला मला वेळ लागला.

संध्याकाळी ५.००
परत आलो. फॅनबेल्टचा आवाज येत होता. मेकॅनिकला आला नाही. त्याचे कान अनुभवी नाहीत.

२१ एप्रिल, सोमवार. दुपारी १.२०
आला. दोन लांब, एक आखूड.

फाटक उघडले. नंतर आत जाऊन तवा ठेवला. भाकरी थापता येत नाही. नुसताच ठेवला.

२९ एप्रिल, मंगळवार
आईचा फोन, सुखीबाईच्या मोबाईलवरून. कन्याकुमारीला आहे. म्हणाली, रस्ता सरला रे, पुढं पानीच पानी हाय. तुया बापाले सांगजो.

१.२० ला सांगितले.

हिशेब:
व्हॅन ८२,०००
गादी, पडदे, छोटा गॅस ३,८५०
व्हॅनमागे ‘भारत भ्रमण’ रंगवणे ६००
पेट्रोल २,०००
आईची सीट ९,०००
एकूण खर्च ९७,४५०
हातात २,५५०
देणे, नागोराव, १७ मेपर्यंत: १,००,०००
बंटी व्हॅनचे ५५,००० देतो. ‘भारत भ्रमण’ पुसण्याचे ३०० त्यातून कापणार.