वाटणीला फक्त चहा

आई,

माझी लिंडेलवा झोपलीय तेवढ्यात लिहितेय. उठली की तिला मक्याची पेज दे.

मी वर्षभर भरलेल्या भिशीच्या वाटणीला निघालेय. आपल्या क्वामाशू वस्तीतल्या बायका आज पीठ, तेल, साखर न्यायला रिकाम्या पिशव्या घेऊन गात येतील आणि माझ्याकडे त्या नटीच्या चहाची खोकी आहेत, कुणी विकत न घेतलेली. "आपली वस्ती श्रीमंत करू," असं नटी टीव्हीवर म्हणाली, पण भिशीचे सगळे पैसे तिचा चहा विकायला आणण्यात घालायला लावले मीच. डुडूमावशी तेव्हा म्हणालीसुद्धा, "नटी गेली खड्ड्यात! तुला मी न्हाऊमाखू घातलंय, तू म्हणतेस म्हणून देते."

तुझी पिशवी मी लपवलीय, शोधू नकोस. त्या रांगेत मला तू दिसायला नकोस.

थांडेका