भांडी व्हायचीत अजून

प्रिय आबा,

परवा तुम्ही फोन आपटलात तरी माझं बोलणं संपलेलं नव्हतं, म्हणून लिहितोय. लिहायचा मला किती कंटाळा ते तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत एक पान भरायचं म्हटलं की माझं पोट दुखायचं. पण फोनवर आपण दोघंही एकदम बोलतो आणि कुणीच कुणाचं ऐकत नाही. कागदावर तरी तुम्हाला मधे तोंड घालता येणार नाही.

आई गेल्यापासून विहिरीतली ही दुसरी मोटर जळाली. पाणी येईना तेव्हा मी पहिल्यांदा काय सांगितलं होतं? आधी व्होल्टेज बघा, मग स्टार्टरचं झाकण उघडून कॅपॅसिटर फुगलाय का ते बघा, आणि दोर सोडून विहिरीत पाणी किती आहे ते बघा. तुम्ही काय केलंत? फ्यूज बदललात. मग दुकानदाराच्या नादी लागून अख्खा स्टार्टर नवा आणलात. खालून नुसती घुं-घुं येतेय हे ऐकूनही बटण दाबतच राहिलात. पाण्यातली मोटर म्हणजे काय बसलेला बैल आहे, ढोसलं की उठेल? मी इथे दिवसभर परक्यांच्या इमारतींत पाईप जोडतो, पंप बसवतो, आणि माझ्याच घरी बादलीने पाणी शेंदायची पाळी. साहेबाला सांगितलं तर तो हसला. मला नाही हसू आलं.

ताई म्हणाली, आबांना आता आठवत नाही, मोटर चालू करतात आणि विसरतात. उद्या गॅस विसरतील. घराला कुलूप लावू, त्यांना माझ्याकडे घेऊन जाते. मी हो म्हणालो. परवा तेच तुम्हाला सांगत होतो आणि तुम्ही फोन आपटलात. तुम्ही म्हणालात, मी काही विसरत नाही. मला वाटलं, विसरणारा माणूस असंच म्हणणार.

मग काल मोटरवाल्याचा फोन आला. मोटर वर काढली होती त्याने. पाईप एकेक करून सोडवला, केबलचा जोड ठीक होता, दोरही ठीक होता. तांब्याच्या तारांचं वायंडिंग मात्र काळं पडलेलं, आणि आतली प्लास्टिकची चाकं वितळून एकमेकांना चिकटलेली. म्हणाला, मोटरीचा काही दोष नाही, कोरडी चाललीय. पाणी तिच्या तोंडाखाली गेलं तरी कुणी बंद केली नाही. पहिलीचंही असंच झालं होतं. मी म्हटलं, काय करणार, वय झालं. तर तो म्हणाला, तसं नाही वाटत मला.

आबा, आपल्या घरी मोटर कधी बंद करायची हे घड्याळावर नव्हतंच कधी. ते आईच्या भांड्यांवर होतं. संध्याकाळी ती मोटर लावायची आणि भांडी गोळा करून मागच्या अंगणात न्यायची. गच्चीवरची टाकी भरली की ओव्हरफ्लोचं पाणी त्या सपाट दगडावर पडायचं, ते वाया कशाला घालवायचं म्हणून त्याच धारेखाली ती भांडी घासायची. शेवटी मोठं पातेलं. ते पालथं घातलं की उठायची, ओल्या हाताने बटण दाबायची, आणि तुम्ही रोज ओरडायचात, एक दिवस शॉक लागून जाशील. ती म्हणायची, गेले तर भांडी तुम्ही घासा. तुम्ही घरातूनच म्हणायचात, मी पत्रावळीवर जेवेन.

मला फोनही ती तेव्हाच करायची, फोन खांद्याला दाबून. मागे पाणी पडत असायचं, भांडी आदळत असायची, मला निम्मं कळायचं नाही. मी म्हणायचो, आधी मोटर बंद कर आणि मग बोल. ती आणखी मोठ्याने बोलायची. जेवलास का, कुठे राहतोस, पायाची भिंगरी थांबली का एकदाची. नाही थांबली. या वर्षात तिसरं काम धरलंय, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच.

ती गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. स्टार्टरच्या फळीवर तिची घासणी तशीच होती. मी ती उचलून टाकणार होतो, तुम्ही म्हणालात, असू दे.

मोटरवाला सांगत होता, दुसरी मोटर बसवून झाल्यावर त्याचा पाना आपल्याकडे राहिला होता. तो न्यायला संध्याकाळी आला. टाकी भरून वाहत होती, दगडावर धो-धो पाणी पडत होतं, गटारापर्यंत ओहोळ गेलेला. तुम्ही स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून पाटावर बसला होतात. तो म्हणाला, आबा, मोटर बंद करू का? तुम्ही मागे न बघता म्हणालात, “राहू दे रे, भांडी व्हायचीत अजून.” त्याने अंगणात पाहिलं. एक भांडं नव्हतं. पाना घेऊन तो गुपचूप निघून गेला.

हे ऐकल्यावर काल मी कामावर गेलो नाही.

म्हणून आता नीट ऐका. ताईला मी सांगितलंय, आबा कुठेही जाणार नाहीत. ती रडली, पण ऐकलं तिने. मोटरवाला येत्या आठवड्यात नवी मोटर सोडेल, जरा वर, तळाच्या गाळापासून लांब. पाणी खाली गेलं की आपोआप बंद होणारी पेटी लावायला सांगितलीय. पण ती पेटी सारखी मोटर बंद करत बसली तर तुमचं काय, म्हणून आणखी एक काम आहे. त्या दगडाला तो सिमेंटची कड घालेल, कोपऱ्यात भोक ठेवेल, आणि तिथून पाईप परत विहिरीत नेईल. टाकी भरली की पाणी दगडावर पडेल आणि तिथून विहिरीत जाईल. तेच पाणी फिरत राहील. विहीर आटायची नाही, मोटर जळायची नाही. बिल येईल, ते येऊ दे. फक्त तुमचं एक ताट आहे ते आत मोरीत धुवा, दगडावर नको, साबण विहिरीत जाईल. झोपायच्या आधी बटण दाबा, कोरड्या हाताने. आणि कधी वाटलं तर तेव्हाच मला फोन लावा. बोलला नाहीत तरी चालेल, फोन फळीवर ठेवून द्या. मी मोटर बंद करा म्हणणार नाही.

मोटर, पाईप, सिमेंट, मोटरवाल्याची मजुरी आणि पुढच्या विजेच्या बिलाचे धरून सव्वीस हजार पाठवतोय.

तुमचाच,
भिंगरी