पांढऱ्या लुगड्याविषयी

बालीगंज, कलकत्ता
आश्विन शुद्ध द्वादशी, शके १८७७

सौ. कालिंदी हीस मंदाताईचे भरभरून आशीर्वाद. इकडे आम्ही सारी सुखरूप. तुझे गुडघे कसे आहेत, आणि तुझ्या यजमानांचा खोकला थांबला का (अडुळशात मध घातल्याशिवाय गुण येणार नाही, हे मी चैत्रातच सांगितले होते). पत्र माझ्या हातचे आहे. नात लीना लिहून देते म्हणत होती, पण बंगाली शाळेत जायला लागल्यापासून तिचे मराठी माझ्याहून कच्चे झाले आहे, आणि यातले सगळेच काही तिच्याकडून लिहवण्याजोगे नाही. ऱ्हस्वदीर्घ तू पाहून घे.

चिरंजीव गजूची गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत बदली झाली त्याला सात महिने झाले. आमच्या खाली श्यामसुंदरबाबू राहतात, त्यांची बायको प्रेमलता आणि त्यांची विधवा आई. आईला सगळे ठाकुमा म्हणतात, म्हणजे आजीच. माणसे ब्राह्मण, आणि घरात रोज मासळी. (पहिले आठ दिवस मी नाकाला पदर लावून जिना उतरत होते. आता नाक सरावले आहे, हे तुमच्या घरात कोणाला सांगू नकोस.) पण एवढ्यावरून ते लोक सैल आहेत असे म्हणशील तर चुकशील. ठाकुमाला मासळी नाही, कांदा नाही, मसुरीची डाळसुद्धा नाही, आणि एकादशीला पाण्याचा थेंब नाही. काल मी वर दाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ली, शिवाय रताळ्याचा कीस, आणि खाली ती कोरड्या ओठांनी माळ ओढत बसली होती. इथे साबुदाणा आजाऱ्याला देतात. म्हणून दर एकादशीला प्रेमलता माझी प्रकृती विचारायला येते.

आता मुख्य गोष्ट. इथल्या विधवा पांढरे नेसतात आणि लाल रंग सवाष्णीचा. मी आपली आपल्याकडच्या विधवेच्या लाल आलवणात. प्रेमलतेने पहिल्याच दिवशी मला सवाष्ण धरले. घरचे मालक कुठे असतात म्हणून तिने हातवारे करून विचारले, मी वर बोट दाखवले. तिला वाटले ते पहाडात नोकरीला आहेत. (मागाहून लीनाकडून कळले की त्यांना थंडी बाधत नाही ना, असेही ती विचारत होती.) हातात बांगड्या नाहीत हे तिने पाहिले असणार, पण मराठ्यांची तशी रीत असेल असे समजली असावी. मीही शेजारणींना काय काय मराठ्यांची रीत म्हणून सांगितले आहे, ते आता आठवत नाही.

परवा दसऱ्याला गल्लीच्या मांडवात देवी बोळवायची होती. सवाष्णी देवीला पेढा भरवतात, विड्याच्या पानाने तिचे तोंड पुसतात, शेंदूर लावतात, आणि मग तोच शेंदूर एकमेकींना फासतात. मी लांबून पाहत उभी होते. प्रेमलतेने येऊन माझा हात धरला आणि ओढतच आत नेले. मला बंगाली येते ते भाजीबाजारापुरते. ‘नको’ म्हणण्यापुरते येते, पण खोटे कशाला लिहू, मी म्हटले नाही. दहा-बाराजणींनी घेरले. एकीने भांगात शेंदूर भरायला माझा पदर मागे सारायला हात घातला. कालिंदी, त्या पदराखाली काय आहे ते तुला ठाऊक आहे. दर पंधरवड्याला न्हावी येतो. मी पदर दोन्ही मुठींनी आवळून धरला, देवाचेही नाव सुचेना. त्या आपसांत म्हणाल्या (लीनाने सांगितले), मराठी बायकांची मर्यादा केवढी, बघा जरा. मग कपाळाला लावला, दोन्ही गालांना लावला, हनुवटीलासुद्धा.

एकतीस वर्षांनी. तुझ्या घरच्या हळदीकुंकवाला मी मागल्या पडवीत बसून हरभरे निवडत असे. तुझा त्यात दोष नाही, तू आत येऊन मला खिरापत देऊन जात होतीस, ते मी विसरलेले नाही. पण खिरापत निराळी.

मांडवाच्या बांबूपलीकडे पांढरे नेसून ठाकुमा उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. ती रोज गच्चीवर वाळवणाला येते, आणि मी न्हाऊन तिथे डोके सुकवते. तिला पहिल्या महिन्यापासूनच माहीत असणार, हे मला त्या घडीला कळले. संध्याकाळी त्यांच्याकडे आलिंगनाची रीत असते, म्हणून ती नारळाचे लाडू घेऊन वर आली. मी अजून तोंड धुतले नव्हते. तिने मला पोटाशी धरले तेव्हा माझा गाल तिच्या खांद्याला लागला आणि पांढऱ्यावर लाल डाग उमटला. मी घाबरून पुसायला गेले. तिने माझा हात बाजूला केला, पदराची तेवढी बाजू आत दुमडून घेतली आणि सावकाश जिना उतरून गेली.

गजू कचेरीतल्या पूजेहून आला आणि माझे तोंड पाहून दारातच थांबला. आवाज चढवायचा त्याचा स्वभाव नाही. आई, ही त्यांची फसवणूक झाली, एवढेच म्हणाला. खरे आहे ते. पुन्हा घोटाळा नको म्हणून तू इथल्यासारखे पांढरे नेसत जा, असे त्याने ठरवले. सुनेने, हेमाने, भाकरी थापता थापता एक भाकरी करपवली.

सर्वांस यथायोग्य सांग. मोठ्या मुलीचे बाळंतपण कधी, ते कळव.

तुझी,
मंदाताई

ता. क. गजूने लिहायला सांगितले ते राहिलेच. इथे पाचवारी पांढरे मिळते, आपले नऊवारी मिळत नाही. तरी तिकडच्या पेठेतून दोन पांढरी लुगडी घेऊन पार्सलाने पाठवावी.

ता. क. दुसरा. तुझे पत्र आले की गजू सर्वांना मोठ्याने वाचून दाखवतो. तेव्हा त्यात असे लिही की सगळी पेठ पालथी घातली, पांढरे नऊवारी कुठेच नाही, पुढल्या वर्षी दसऱ्यानंतर येईल असे दुकानदार म्हणतो. दसऱ्यानंतर, हे शब्द नीट ठळक लिही. आणि हे पत्र चुलीत घाल.