बाह्यांची बटणं

टिल्ल्या,

मी कामावर निघाले. तुला गाढ झोप लागलीय, म्हणून उठवलं नाही.

काल एवढ्या उकाड्यात बाह्यांची बटणं लावून जेवायला बसलास, तेव्हाच मला शंका आली होती. शाळेच्या सहलीच्या आदल्या दिवशी अंगावर पित्त उठलं, तेव्हाही असाच बसला होतास. केस पिकले, पण भावाची युक्ती तीच! सकाळी पांघरूण सारखं करताना हात पाहिले. गांधीच गांधी.

डॉक्टरांना फोन केला. स्कॅनच्या वेळी शिरेतून जी डाय दिली, तिचीच ही रिअॅक्शन. कधीकधी उशिरा उठते, म्हणाले. त्यांनी सांगितलेली गोळी आणून पेल्याशेजारी ठेवलीय, खाऊन झाल्यावर घे. ओठ सुजले किंवा धाप लागली तर शूरपणा करू नकोस. शेजारच्या काकांना हाक मार, ते लगेच गाडी काढतील.

आणि खाजवायचं नाही. आई तुझ्या हातांत बाबांचे मोजे चढवायची आणि तू त्या दोन मोज्यांचं भांडण लावून मला पोट दुखेस्तोवर हसवायचास. बाबांचे आता कुठले, माझे ठेवलेत उशाशी.

डायचं नाव लिहून तुझ्या पाकिटात ठेवलंय. पुढच्या स्कॅनला आधी तेच दाखवायचं. "आता पुढचा कशाला?" असं काल ताटाकडे बघत पुटपुटलास, ते मला ऐकू आलं बरं का. पुढचा होणार. त्याच्या पुढचाही होणार.

आज बाह्या दुमडून जेवायला बस.

ताई