वाळवंटातले ओले बूट

शनिवार, संध्याकाळ

जैसलमेरहून सकाळी घरी आलो. अंग नुसतं आंबून गेलंय. ह्यांचे बूट अजून ओलेच. वाळवंटात बूट भिजले, हे कोथरूडात कोणाला पटणार? कधी नव्हे तो असा पाऊस, की तिथल्या राष्ट्रीय उद्यानात गुडघाभर गवत, खाली चिखल. जीपवाला आनंदाने अनवाणी उतरला. हे म्हणाले, "हिरवळच बघायची तर पानशेतला गेलो असतो!"

आणि मग सगळी चिडचिड माझ्यावर. का, ते ठाऊक आहे. ही सहल ह्यांची आणि वामनरावांची. दोघा मित्रांचं किती वर्षं नुसतं ठरतच होतं. आता वामनराव अंथरुणाला खिळलेत, म्हणून त्यांच्या जागी मी गेले.

मघाशी त्यांचा फोन आला. "वाळू तापली होती का रे?" आवाज किती बारीक झालाय.

ह्यांनी ओल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "अरे, तळपाय भाजले!"

वामनराव किती दिवसांनी असे हसले. "उद्या येऊन दाखव मला."

मी बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत होते. हे शेजारी येऊन बसले, दुसरा बूट ओढून घेतला.

"उद्या त्याच्याकडे मोजे काढायचे नाहीत," म्हणाले. "मला आठवण कर."