निळ्या रेघेखालची व्हॅन

३० जून, एडिसन, अमेरिका

बजेटमधली ओळ खोडताना गव्हर्नरांना त्यामागचा माणूस दिसत असेल का? मला खरंच माहीत नाही. विधिमंडळाने मंजूर केलेल्या बजेटमधली डायलिसिसच्या पेशंटना नेणारी व्हॅन त्यांनी आज कापली; मंजूर बजेटमधला एखादा खर्च खोडायचा अधिकार इथे गव्हर्नरांना असतो. खोडलेली प्रत टाइप करायला माझ्याकडेच आली. निळी रेघ, आणि तिच्याखाली अक्षरं तशीच वाचता येत होती.

संध्याकाळी जिन्यात शेजारच्या सुशीलामावशी भेटल्या. "काय गव्हर्नरीणबाई, माझी व्हॅन चालू राहील ना?" मी हसून "बघते" म्हटलं. काय बघणार होते मी?

बाबा दुकानात गिऱ्हाइकांना सांगत असतात, घरातली पहिली ग्रॅज्युएट, थेट गव्हर्नरच्या ऑफिसात! जेवताना ताटातसुद्धा ती निळी रेघच दिसत होती. दोन्ही सभागृहांनी गव्हर्नरांविरुद्ध मत द्यायचं मनावर घेतलं तर ती ओळ परत येऊ शकते. पण कुणीतरी मागायला हवं, आणि मी मागितलं तर माझी नोकरी जाईल.

शेवटी मावशींची बेल वाजवली. "मावशी, व्हॅन बंद केली त्यांनी."

त्या दारातच खाली बसल्या. "मग तू तिथे असून काय उपयोग गं?"

त्यांच्याच टेबलावरून विधिमंडळातल्या आमच्या सिनेटरांना ईमेल पाठवली. खाली मावशींचं नाव, त्याखाली माझं.