खारवाडीत कोणी राहत नव्हतं

महाळुंगे, मार्च १९७९

विलास,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही. खारवाडीच्या जागेवर उभ्या तुझ्या कंपनीच्या स्मरणिकेत तिथला इतिहास लिहिलास, ‘इथं ओसाड खारी जमीन होती, कोणी राहत नव्हतं.’ मग तू जन्मलास कुठं? आईनं तीच माती पाण्यात कालवून, ते पाणी गाळून, आटवून मीठ काढलं, चाकणच्या बाजारात विकून तुला शिकवलं. कॉलनीतल्या शेजाऱ्यांना आपली जात कळेल म्हणून आईलाच पुसून टाकलंस?

मी स्मरणिका वाचून दाखवताना आई हौसेनं ऐकायला बसली होती. “माझं नाव हाय का गं त्यात?”

“हाय की,” मी म्हणाले, आणि नसलेलं नाव मोठ्यानं वाचलं.

ती रडली. “विलासला शाबासकी कळव,” म्हणाली.

तेवढंच लिहून कार्ड टाकते. हे पत्र माझ्याजवळच राहील.

तुझी थोरली बहीण,
चिमा